काळी स्क्रीन आणि न सापडणारी एक्सऑर्ग डॉट कॉन्फ

लिनक्सवर डिस्प्ले गंडला की आजही कोणीतरी सांगतंच, अरे एक्सऑर्ग डॉट कॉन्फ (डिस्प्लेच्या सेटिंगची फाइल) एडिट कर, आणि समोरचा बिचारा ती फाइल शोधत बसतो पण ती सापडतच नाही, कारण आता बऱ्याचशा मशीनवर ती नसतेच. सल्ला देणारा खोटं सांगत नसतो, फक्त तो सल्ला वेगळ्या काळातला आहे.

ती फाइल वाचणारं एक्स, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या आणि चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर, हे लिनक्सच्याही आधीचं, १९८४ ला एमआयटीत सुरू झालं आणि एक्स११ आलं १९८७ ला. पीसीसाठी आधी एक्स३८६ होतं, मग १९९२ पासून एक्सफ्री८६ (थ्रीचं फ्री झालं, मस्त नाव आहे).

तेव्हाचे मॉनिटर मुके होते हो. आपल्याला काय झेपतं हे त्यांना सांगताच यायचं नाही, त्यामुळे मॅन्युअलच्या मागच्या पानावरून हॉरिझॉन्टल सिंक (सेकंदाला किती ओळी) आणि व्हर्टिकल रिफ्रेशचे (सेकंदाला किती वेळा अख्खं चित्र) आकडे बघून कॉन्फिग फाइलमध्ये आपणच टाकायचे आणि वर मोडलाइन, म्हणजे एका रिझोल्यूशनचं सगळं गणित मांडणारी ओळ. १०२४ बाय ७६८ ची मोडलाइन बघा: डॉट क्लॉक (सेकंदाला किती ठिपके) ६५ मेगाहर्ट्झ, एका ओळीत एकूण १३४४ ठिपके, एकूण ओळी ८०६. दिसतात १०२४ आणि ७६८, वरचे जे आहेत तो जुन्या काचेच्या मॉनिटरमधला चित्र रंगवणारा किरण परत मागे आणायला लागणारा वेळ. ६५ मेगाहर्ट्झला १३४४ ने भागलं की साधारण ४८.४ किलोहर्ट्झ, हा हॉरिझॉन्टल सिंक, त्याला ८०६ ने भागलं की ६० हर्ट्झ, हा रिफ्रेश. मॉनिटरला ३८ किलोहर्ट्झच्या वर झेपत नसेल तर चित्र फाटायचं, आतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा, आणि जुना मॉनिटर खरंच जळू शकायचा. मी तो आवाज ऐकलाय, एक्स बंद करायला कंट्रोल-ऑल्ट-बॅकस्पेस दाबताना हात थरथरत होते कारण मॉनिटर दादाचा होता.

मग व्हेसाने (डिस्प्लेची मानकं ठरवणारी संस्था) १९९४ मध्ये ईडीआयडी आणलं, मॉनिटर स्वतःच १२८ बाइट्समध्ये आपली माहिती पाठवायला लागला. आजही केबल किंवा स्विच खराब असला आणि हे १२८ बाइट पोचले नाहीत की रिझोल्यूशन धाडकन खाली येतं, लोक मात्र ड्रायव्हर बदलत बसतात. आधी केबल बदला राव.

२००४ ला एक्सफ्री८६ ने लायसन्स बदललं, ते डिस्ट्रोवाल्यांना (लिनक्सच्या तयार आवृत्त्या बनवणाऱ्यांना) पटलं नाही आणि सगळे एक्सऑर्ग या एक्सच्या दुसऱ्या आवृत्तीकडे गेले, एक्सऑर्ग डॉट कॉन्फ हे नाव तिथलंच. पण खरी उलथापालथ माझ्या मते २००९ ची, कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.२९ मध्ये इंटेलच्या ग्राफिक्ससाठी मोड, म्हणजे रिझोल्यूशन आणि रिफ्रेश, सेट करायचं काम कर्नलमध्येच आलं. त्याआधी एक्स सर्व्हर रूट म्हणून (सगळे अधिकार घेऊन) थेट हार्डवेअरला हात घालायचा. म्हणूनच आता ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना लिनक्स लोड करणारा प्रोग्राम) नोमोडसेट टाकल्यावर बऱ्याचदा काळी स्क्रीन जाते, कर्नलला आपण मोड बदलू नको असं सांगतो. ते तात्पुरतंच ठेवा, कारण त्याने ग्राफिक्सचा वेग जातो.

फेडोरा (एक डिस्ट्रो) २५ पासून, म्हणजे २०१६ पासून, एक्सच्या जागी वेलँड डिफॉल्ट व्हायला लागलं, तिथे तर ती कॉन्फ फाइल कोणी वाचतच नाही. एक्सऑर्गचा लॉगही भरत नाही, जर्नलसीटीएल (सिस्टिमचा लॉग दाखवणारी कमांड) बघावं लागतं. कोणी लॉग पाठवला की मी आधी फाइलची तारीख विचारते, बऱ्याचदा तो मागच्या इन्स्टॉलचा सहा महिने जुना निघतो.