स्किझोफ्रेनिया: वारशाचा आणि मेंदूच्या प्रतिमांचा शोध

स्किझोफ्रेनिया हा भास आणि भ्रम घडवणारा मानसिक आजार काही घराण्यांत पुन्हा पुन्हा आढळतो, हे डॉक्टरांच्या आधी कुटुंबांनाच ठाऊक होते. मात्र पिढ्यांतून नेमके काय उतरते आणि त्याची खूण मेंदूत कोठे उमटते, या दोन प्रश्नांचा शोध विसाव्या शतकात बराच काळ वेगवेगळ्या वाटांनी चालला. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये या आजाराला उन्माद-विषादाच्या आजारापासून वेगळे केले. त्यांचे सहकारी आलोइस अल्झायमर यांना स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली जे ठळकपणे दिसले, तसे या आजारात कोणाच्याच हाती लागले नाही. क्रेपेलिन यांच्याच परंपरेतले अर्न्स्ट र्‍युडिन यांनी १९१६ मध्ये रुग्णांच्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील प्रमाणे मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या साध्या नियमांत बसत नव्हती. तरीही हेच र्‍युडिन १९३३ च्या नाझी नसबंदी कायद्यावरील अधिकृत भाष्याचे सहलेखक झाले, आणि त्या कायद्याखाली सुमारे ४ लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली. स्वतःच्या आकड्यांतून जे सिद्ध झाले नव्हते, तेच त्यांनी कायद्यासाठी गृहीत धरले.

या कलंकामुळे युद्धानंतर आनुवंशिकतेचे नाव घेणेही अवघड झाले, आणि विशेषतः अमेरिकेत दोष आईच्या वागण्यावर ठेवण्याची पद्धत रूढ झाली. तिला धक्का दिला तो लेनर्ड हेस्टन यांच्या १९६६ च्या अभ्यासाने. ऑरेगन राज्यातील मनोरुग्णालयांत स्किझोफ्रेनिया असलेल्या मातांच्या पोटी जन्मलेली आणि जन्मानंतर लगेच दुसरीकडे वाढलेली ४७ मुले त्यांनी प्रौढ वयात शोधून काढली. त्यांपैकी ५ जणांना हा आजार झाला होता, तर तुलनेसाठी घेतलेल्या ५० जणांत एकालाही नव्हता. लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयातील जुळ्यांच्या नोंदींवर काम करणारे अर्व्हिंग गॉट्समन आणि जेम्स शील्ड्स यांनी १९६७ मध्ये, हा आजार एका जनुकाचा नसून अनेक जनुकांच्या लहानलहान परिणामांच्या बेरजेचा आहे, अशी मांडणी केली. तेव्हा ती पडताळण्याचे साधन कोणाकडेच नव्हते.

मेंदूकडे पाहण्याची वाट आणखी खडतर होती. १९२७ मध्ये जर्मनीतील येना येथे मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्रे घेण्यात आली आणि रुग्णांत त्या पोकळ्या मोठ्या दिसल्या. परंतु ही तपासणी इतकी वेदनादायक होती की तुलनेसाठी निरोगी माणसे मिळणे कठीणच होते. सीटी स्कॅन आल्यावर ही अडचण दूर झाली. १९७६ मध्ये लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ आजारी असलेल्या १७ रुग्णांची तपासणी केली, तेव्हा ८ निरोगी व्यक्तींच्या तुलनेत त्यांच्या मेंदूतील पोकळ्या मोठ्या आढळल्या. संख्या अगदी लहान होती, आणि हा औषधांचा परिणाम नसेल कशावरून, असा प्रश्न उभा राहिला. तो आजही पुरता मिटलेला नाही.

दोन्ही वाटा प्रथम ठळकपणे एकत्र आल्या त्या १९९० मध्ये. एकबीज जुळ्यांच्या अशा १५ जोड्या निवडण्यात आल्या, ज्यांत एक भावंड आजारी होते आणि दुसरे नव्हते. एमआरआय तपासणीत १४ जोड्यांमध्ये आजारी भावंडाचा डावा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी निगडित मेंदूचा भाग, दुसऱ्यापेक्षा लहान दिसला. या निष्कर्षाचा खरा अर्थ मात्र अनेकदा निसटतो: एकबीज जुळ्यांचे जनुक जवळजवळ सारखेच असतात, म्हणजे हा फरक केवळ वारशाने समजावता येत नाही.

त्यानंतरचे दशक निवडक जनुकांच्या मागे गेले. सीओएमटी या जनुकाच्या एका प्रकाराचा संबंध मेंदूच्या अग्रभागाच्या कार्याशी जोडणारा २००१ चा अभ्यास विशेष गाजला. पुढे मोठ्या नमुन्यांत अशा बहुतेक दाव्यांना आधार मिळाला नाही. संपूर्ण जनुकसंचाची पाहणी सुरू झाल्यावर गॉट्समन-शील्ड्स यांचे म्हणणे खरे ठरले. २०१४ मध्ये जनुकसंचात जोखमीशी निगडित १०८ जागा सापडल्या, आणि २०२२ मध्ये ७६,७५५ रुग्णांच्या अभ्यासात २८७. प्रतिमांच्या बाजूनेही २०१६ मध्ये २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी व्यक्ती यांच्या स्कॅनची एकत्र तुलना झाली. हिप्पोकॅम्पसमधील घट सरासरीत स्पष्ट होती, परंतु दोन्ही गटांची मापे एकमेकांत इतकी मिसळलेली होती की एकट्या व्यक्तीचे निदान त्यावरून करता येत नाही.

आता जनुकांची आणि मेंदूतील फरकांची, अशा दोन्ही याद्या जुळतील, अशी स्वाभाविक अपेक्षा होती. परंतु २०१६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या विश्लेषणात, आजाराची जोखीम वाढवणारे जनुकीय फरक आणि मेंदूच्या अंतर्भागांचे आकारमान ठरवणारे फरक यांच्यात ठोस सामायिक दुवा आढळला नाही. त्याच वर्षी बॉस्टनच्या संशोधकांनी दुसरीकडून एक धागा पकडला: प्रतिकारशक्तीशी संबंधित सी४ जनुकाचे काही प्रकार जोखीम वाढवतात, आणि उंदरांत हेच जनुक चेतापेशींमधील जोडण्यांच्या छाटणीत भाग घेते. किशोरवयातील ही छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, अशी शंका अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ मध्येच व्यक्त केली होती. या जोडण्या नेहमीच्या एमआरआयला दिसत नाहीत. त्यामुळे त्यांची घनता जिवंत मेंदूत मोजण्यासाठी आता किरणोत्सारी द्रव्य टोचून पेट स्कॅन करावे लागते.