पोर्ट (इंग्रजी शब्द)

पोर्ट हा इंग्रजीतला चार अक्षरी शब्द, पी, ओ, आर, टी. अर्थ विचारला तर शाळेतलं पोरगंसुद्धा बंदर म्हणून सांगेल, आणि ते बरोबरच आहे, पण कोकणात हा शब्द दिवसभर ऐकू येतो तो बंदराबद्दल नसतोच. मोबाईलचं सिम पोर्ट करतात, चार्जिंगचा पोर्ट खराब होतो, हापूसच्या पेटीवर एक्स्पोर्ट क्वालिटी छापलेलं असतं, आणि गोव्याहून येणारा पाहुणा पोर्ट वाईनची बाटली घेऊन येतो. स्वतःच्या गावच्या बंदराला मात्र कोणी पोर्ट म्हणत नाही, ते मिरकरवाडा बंदर, तो धक्का, ती जेटी. बंदर हा शब्द फारसीतून आलेला, आपल्याकडे तो इतका मुरलाय की परका वाटतच नाही. पोर्ट म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते जयगड नाहीतर दिघीसारखं मोठ्या जहाजांचं, क्रेनवालं, गेटवर सिक्युरिटी बसलेलं बंदर.

मूळ

इंग्रजीत हा शब्द लॅटिनमधून आला, काही थेट आणि काही फ्रेंचमार्गे, आणि तिथे तो एक शब्द नव्हता तर तीन होते. पोर्टुस म्हणजे बंदर, पोर्टा म्हणजे दरवाजा किंवा वेस, पोर्टारे म्हणजे वाहून नेणं. तिघांच्या मागे "पार जाणे, ओलांडणे" अशा अर्थाचा एकच जुना धातू असल्याचं भाषाशास्त्रज्ञ मानतात. इंग्रजीत येईपर्यंत तिघं घासून घासून एकसारखे दिसायला लागले आणि सगळा गोंधळ तिथून सुरू झाला, त्यामुळे पोर्ट दिसला की आधी विचारायचं की हा कुठल्या घरचा.

सिम पोर्ट करणं हे वाहून नेणाऱ्या घराचं. नंबर तोच, कंपनी दुसरी. भारतभर ही सोय 20 जानेवारी 2011 पासून मिळाली, PORT ऐवजी मराठीत काय टाइप करायचं हा प्रश्नच आला नाही कारण सिम पोर्ट करायला १९०० या नंबरला पाठवायचा मेसेज इंग्रजी अक्षरांतच जातो, आणि घाटाखालच्या वाड्यांत रेंजची बोंब असल्यामुळे हा शब्द झपाट्याने पसरला. "माका सिम पोर्ट करूचा आसा" हे वाक्य मालवणच्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात ऐकू येईल, आणि ते बोलणाऱ्या आजीला बंदराशी त्याचा काही संबंध वाटत नाही, ते बरोबरच, कारण नाहीच आहे.

चार्जिंगचा पोर्ट मात्र दरवाजावाल्या घरचा. वीज किंवा डेटा आत-बाहेर जायची जागा म्हणजे पोर्ट. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत त्याला गंज चढतो तो भाग वेगळा. कॉम्प्युटरच्या नेटवर्कमधले पोर्ट तर दिसतही नाहीत, ते नुसते नंबर असतात, 0 ते 65535, वेबसाइट साधी असेल तर 80 आणि सुरक्षित असेल तर 443. सरकारी कामाचं पोर्टल आणि बंगल्यापुढचा पोर्च हेही याच दरवाजाचे नातेवाईक. म्हणजे ज्या पोर्चमध्ये बाईक लावतो तोही लांबून पोर्टच.

जहाजाची डावी बाजू

दर्यावर काम करणाऱ्यांसाठी पोर्ट म्हणजे जहाजाची डावी बाजू, तोंड पुढे करून उभं राहिल्यावर डाव्या हाताची. हा अर्थ कसा आला हे बघण्यासारखं आहे. जुन्या युरोपी जहाजांना सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला असायचं, म्हणून उजवी बाजू ती स्टारबोर्ड, म्हणजे सुकाणूची बाजू. धक्क्याला ते वल्हं घासून मोडू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने लावायचे, माल तिथूनच चढायचा, म्हणून डावी बाजू झाली लारबोर्ड. आता वादळात स्टारबोर्ड आणि लारबोर्ड अशी आरोळी मारली तर ऐकणाऱ्याने काय समजायचं, दोन्ही सारखंच ऐकू येतं. धक्क्याला लागताना डावी बाजू बंदराकडे असायची, म्हणून तिला पोर्ट म्हणायची पद्धत त्याआधीपासून होतीच, शेवटी ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये लारबोर्ड बंद करून पोर्टच वापरायचा हुकूम काढला, अमेरिकेने 1846 मध्ये.

पोर्टच्या बाजूला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा, हा नियम जगभर एकच. रत्नागिरीच्या ट्रॉलरवरही तेच दोन दिवे असतात आणि रात्री तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, समोर आडव्या जाणाऱ्या बोटीचा लाल दिवा दिसला तर ती आपल्या उजवीकडून येतेय, वाट आपण द्यायची, हे समजतं. त्याने पोर्ट हा शब्द उच्चारला नाही तरी चालतं, दिवा काम करतो. लक्षात ठेवायला इंग्रजीत सोपी युक्ती आहे, लेफ्ट आणि पोर्ट दोघांचीही अक्षरं चार, आणि पोर्ट वाईन लाल.

वाईन आणि देश

पोर्ट वाईनचं नाव पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरावरून, जिथून ती जहाजाने बाहेर जायची. ही दौरू नदीच्या खोऱ्यातल्या द्राक्षांची, आंबत असतानाच ब्रँडीसारखी दारू घालून थांबवलेली, म्हणून गोड आणि कडक. त्या खोऱ्याची हद्द 1756 मध्येच ठरवून दिली होती. गोव्यात पोर्ट वाईन म्हणून जी स्वस्त गोड बाटली मिळते ती दौरूची नव्हे, तरी सिंधुदुर्गात सर्दीवर औषध म्हणून तिचाच आधार घेणारे पुष्कळ. आणि देशाचं नावही बंदरावरूनच, पोर्टुस काले या रोमन काळच्या जागेवरून पोर्तुगाल. म्हणजे ज्यांनी 1508 मध्ये दाभोळ लुटलं, वसई 1534 ते 1739 धरून ठेवली आणि आपल्याला पाव, पगार आणि चावी हे शब्द दिले त्या फिरंग्यांच्या नावातच पोर्ट बसलेला आहे. तुर्की भाषेत संत्र्याला पोर्ताकाल म्हणतात तेही याच देशावरून.

जोडशब्द

आत आणणं ते इम्पोर्ट, बाहेर नेणं ते एक्स्पोर्ट, एकीकडून दुसरीकडे ते ट्रान्सपोर्ट, परत आणून सांगणं ते रिपोर्ट (आपल्याकडे रक्ताचा "रिपोट"), खालून उचलून धरणं ते सपोर्ट, देशाबाहेर काढणं ते डिपोर्ट. हे सगळे वाहून नेण्याचे. आंबा विमानाने गेला तरी एक्स्पोर्टच, त्याला बंदर लागत नाही. एअरपोर्ट मात्र सरळ बंदरावरून, विमानाचं बंदर. पासपोर्ट म्हणजे बंदरातून किंवा वेशीतून जाऊ देण्याचा परवाना. पोर्टर दोन घरांतून आलाय, ओझं नेणारा हमाल तोही पोर्टर आणि दारावरचा तोही पोर्टर.

सगळ्यात मजेशीर ऑपॉर्च्युनिटी. लॅटिनमध्ये ऑपोर्तुनुस म्हणजे बंदराकडे नेणारा, वारा. कोकणातल्या शिडाच्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायच्या आणि दुपारी खारे वारे सुटले की त्यावर परत यायच्या, तो खारा वारा म्हणजे शब्दशः ऑपॉर्च्युनिटी. परीक्षेच्या पुस्तकात हा शब्द "संधी" म्हणून पाठ केला जातो, वारा कुठेतरी गळून जातो.

सगळेच नातेवाईक नाहीत. पोर्ट्रेट म्हणजे ओढून काढलेलं, चित्र. पोर्शन म्हणजे वाटा. दोघांचीही सुरुवात पोर्टने होते पण मूळ वेगळं.

अक्षरांचे खेळ

चारही अक्षरं वेगळी असल्यामुळे ती 24 प्रकारे मांडता येतात, पण रोजच्या वापरातला शब्द त्यातला पोर्ट एवढाच. एक अक्षर गाळलं की मात्र पॉट, टॉप, ऑप्ट, रॉट, प्रो अशी रांग लागते. एस जोडला की स्पोर्ट, पोर्ट्स आणि स्ट्रॉप, शेवटचा म्हणजे न्हावी ज्यावर वस्तरा घासतो तो चामड्याचा पट्टा. ओ जोडला की ट्रूप, एच आणि वाय जोडले की ट्रॉफी. ई आणि आर घातले तर पोर्टर होतो आणि तीच सहा अक्षरं फिरवली की रिपोर्ट.