शेतमालाचा उत्पादन खर्च

एक क्विंटल माल पिकवायला किती रुपये पडले, हे दाखवणारे माप. एकरी एकूण खर्चाला एकरी उताऱ्याने, म्हणजे एका एकरात निघालेल्या क्विंटलांनी, भागले की ते निघते. भागाकार शाळकरी पोरालाही येतो. खरी अडचण खर्चात काय धरायचे आणि काय सोडायचे, ही आहे. त्यावर एकाच रानातले एकच पीक कागदावर नफ्यात जाते किंवा तोट्यात. लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी, हिंगोली या भागात सोयाबीन हे खरिपाचे मोठे नगदी पीक आहे आणि त्यातले बहुतेक पावसाच्या पाण्यावर येते, म्हणून पुढचा हिशेब सोयाबीनचाच घेतला आहे.

देशपातळीवर हे काम कृषी खर्च व मूल्य आयोग करतो. १९६५ मध्ये तो कृषी मूल्य आयोग म्हणून स्थापन झाला. १९८५ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. आयोगाच्या हिशेबात ए१ पासून सी३ पर्यंत अनेक पायऱ्या आहेत, पण चर्चेत तीनच येतात. ए२ म्हणजे शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेला खर्च : बी, खत, औषध, ट्रॅक्टर, मजुरी, बैलबारदाना, अवजारांचा घसारा, शेतसारा, खेळत्या भांडवलावरील व्याज, आणि रान दुसऱ्याचे असेल तर त्याचा खंड. त्यात घरच्या माणसांच्या राबण्याची मजुरी मिळवली की ए२ अधिक एफएल (फॅमिली लेबर, घरची मजुरी) होते. त्यावर स्वतःच्या जमिनीचा मानीव खंड (ती दुसऱ्याला दिली असती तर मिळाला असता तो) आणि स्वतःच्या स्थिर भांडवलाचे व्याज चढवले की सी२ तयार होतो.

आता एक एकर सोयाबीन घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत; आपल्या वहीतले घालून हाच हिशेब पुन्हा करता येतो. बियाणे २,७०० रुपये, खत २,२००, मशागत व पेरणी ३,०००, तणनाशक आणि फवारणी २,३००, खुरपणी २,०००, गुत्त्याने काढणी ३,५००, मळणी क्विंटलला ३०० प्रमाणे ६ क्विंटलची १,८००, घसारा, व्याज व सारा मिळून ५००. बेरीज १८,०००, रान घरचे असल्याने हाच ए२. नवरा-बायकोचे मिळून १५ दिवस, रोज ३०० रुपये धरले तर आणखी ४,५००, म्हणजे २२,५००. जमिनीचा खंड ७,००० आणि भांडवलाचे व्याज ५०० धरून सी२ झाला ३०,०००.

उतारा ६ क्विंटल आला तर क्विंटलमागे खर्च अनुक्रमे ३,०००, ३,७५० आणि ५,००० रुपये. आडतीवर ४,२०० चा भाव मिळाला, तर ए२ प्रमाणे एकरी ७,२०० रुपये सुटले, घरची मजुरी धरून २,७०० उरले आणि सी२ प्रमाणे ४,८०० चा तोटा झाला. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण तिन्हींचे प्रश्न वेगळे आहेत. हातातली रोकड परत आली का, हे ए२ सांगतो. घरच्यांची मजुरी पडली का, हे दुसरे माप सांगते. हेच रान ठोक्याने, म्हणजे ठरावीक खंडावर, देऊन आपण दुसरीकडे कामाला गेलो असतो तर बरे झाले असते का, हे कळायला सी२ लागतो. शेती धंदा म्हणून टिकते का, याचा निवाडा सी२ वरच व्हायला हवा. जमीन फुकट धरून काढलेला नफा हा त्या जमिनीचाच खंड असतो.

मराठवाड्यात या हिशेबाला सर्वांत मोठा धक्का भाजकाकडून, म्हणजे उताऱ्याकडून, बसतो. शेंगा भरताना पावसाने तीन आठवडे ओढ दिली आणि उतारा ४ क्विंटलवर आला, तर मळणीचे फक्त ६०० रुपये वाचतात. बाकी खर्च आधीच होऊन गेलेला असतो. ए२ राहतो १७,४००, म्हणजे क्विंटलला ४,३५०. भाव तोच ४,२०० असला तरी आता घातलेला पैसाही निघत नाही. म्हणून पेरणीआधी उलटा भागाकार करून ठेवावा : मळणीतला थोडा फरक सोडला तर सी२ चे ३०,००० भागिले ४,२००, म्हणजे सुमारे ७.१ क्विंटल. त्याखाली उतारा गेला की तोटा.

किमान आधारभूत किंमत, म्हणजे हमीभाव, याच मापांवर बेतलेली असते. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने (२००४–०६) खर्चाच्या किमान दीडपट भावाची शिफारस केली. केंद्राने २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून दीडपटीचे तत्त्व स्वीकारले, पण ते ए२ अधिक एफएल वर. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हा खर्च ३,२६१ रुपये धरला होता. त्याची दीडपट ४,८९२, आणि तोच त्या वर्षीचा हमीभाव. शेतकरी संघटनांची मागणी सी२ च्या दीडपटीची आहे. शिवाय ३,२६१ ही देशभराची सरासरी असून मागच्या वर्षांच्या आकडेवारीवरून पुढे ताणून काढलेली असते. कोरडवाहू, कमी उताऱ्याच्या रानाचा क्विंटलमागचा खर्च तिच्या वर जाणे साहजिक आहे.

काही रकमा सरकारी मापात नीट बसतच नाहीत. खेळत्या भांडवलाचे व्याज तिथे ठरीव दराने येते. पीककर्ज न मिळालेला माणूस मात्र शेकडा ३ ने पैसे उचलतो. शेकडा ३ म्हणजे महिन्याला ३ टक्के, वर्षाला ३६. जूनमध्ये उचललेल्या १०,००० वर सहा महिन्यांत १,८०० रुपये जातात, म्हणजे वरच्या उदाहरणातली अख्खी मळणी. बटईदाराचा, म्हणजे दुसऱ्याचे रान वाट्याने करणाऱ्याचा, हिशेबही वेगळा मांडावा लागतो, कारण मालकाचा वाटा हा त्याचा प्रत्यक्ष खर्च असतो. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतील तर मशागत आणि खुरपणीचा खर्च दोन्ही पिकांत वाटून घ्यावा; सगळा सोयाबीनवर टाकला तर तूर फुकट पिकल्यासारखी दिसते. भुसकट विकले असेल तर त्याच्या किमतीच्या प्रमाणात खर्चाचा वाटा त्यावर जातो. वाहतूक, हमाली, तोलाई हा विक्रीचा खर्च; तो भावातून वजा करावा, उत्पादन खर्चात मिसळू नये.

उताऱ्याचे वजन कोणत्या ओलाव्याला धरले, हेही नोंदवावे. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा आहे. २०२४ च्या खरिपात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. १५ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला की साधारण ९६.६ किलो भरतो. ओल्या वजनाचे ६ क्विंटल वाळून ५.८ होतात, आणि सी२ क्विंटलला ५,००० वरून जवळपास ५,१८० वर जातो.