डीएनए ओळखनिश्चिती

रक्त, लाळ, वीर्य, केसाचे मूळ, दात किंवा हाड यांतील पेशींमधून डीएनए वेगळा काढून तो कोणाचा आहे हे ठरवण्याच्या पद्धतीस डीएनए ओळखनिश्चिती म्हणतात. ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये तिचा पाया घातला. भारतात ती रुजवण्याचे श्रेय हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) या संस्थेतील लालजी सिंह यांच्याकडे जाते.

कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखाच असल्याने तो सगळा वाचण्याची गरज नसते. गुणसूत्रांवर ठरावीक ठिकाणी बहुधा चार अक्षरांचा (डीएनएच्या साखळीतील रासायनिक घटकांना अक्षरे म्हणतात) एखादा तुकडा पाठोपाठ अनेकदा येतो आणि ही आवर्तनसंख्या माणसागणिक बदलते. अकराव्या गुणसूत्रावरील ‘टीएच०१’ या स्थानी आईकडून ६ आणि वडिलांकडून ९ आवर्तने आली असल्यास तेथील नोंद ‘६, ९’ अशी होते. ही एकच जोडी एका गावात अनेकांची निघेल. मात्र वीसेक स्थानांवरच्या सगळ्या जोड्या जुळणारा दुसरा माणूस सापडणे जवळपास अशक्य असते. एकाच बीजांडापासून झालेली जुळी भावंडे हा याला अपवाद आहे. नमुना सूक्ष्म असला तरी पीसीआर प्रक्रियेने हव्या त्या तुकड्यांच्या असंख्य प्रती तयार होतात, आणि विद्युत्‌दाबाखाली लांबीनुसार विलग झालेले हे तुकडे आलेखावर शिखरांच्या रूपात दिसतात.

खऱ्या अर्थाने निर्णायक ठरते ते आलेखांचे न जुळणे, कारण त्यामुळे संशयित निर्दोष सुटू शकतो. जुळणी झाल्यास प्रयोगशाळा संभाव्यता सांगते, गुन्हा कसा घडला हे सांगत नाही.

विदर्भातील खेड्यांत या चाचणीची गरज बहुधा शेतातील विहिरीत किंवा जंगलात अनोळखी मृतदेह सापडल्यावर पडते. चेहरा व बोटांचे ठसे गेले असले तरी दाढेत आणि मांडीच्या हाडात डीएनए दीर्घकाळ टिकतो. अपत्याच्या प्रत्येक जोडीतील एक आकडा आईचा व दुसरा वडिलांचा असल्याने त्या दोघांच्या रक्ताशी तुलना केली जाते. ते हयात नसल्यास केवळ आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए उपयोगी पडतो. त्यासाठी सख्ख्या मामाचे किंवा मावशीचे रक्तही चालते, परंतु त्यातून मातृवंश कळतो, नेमकी व्यक्ती नव्हे.

नमुन्याचे खरे नुकसान प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच होते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि रक्ताने ओला कपडा अशा उष्म्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला की जिवाणू व बुरशी डीएनएचे तुकडे पाडतात. कपडा सावलीत पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवणे, पाकीट पंचांसमक्ष मोहोरबंद करणे आणि ते कोणाच्या हातून कोणाकडे गेले याची नोंद राखणे, या साध्या वाटणाऱ्या कामांवरच न्यायालयातील पुराव्याचे बळ अवलंबून असते.

हीच पद्धत वाघांनाही लागू पडते. फक्त तपासायची स्थाने वाघाच्या जनुकसंचातील असतात. मोहफुले वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या माणसावर हल्ला झाल्यास जखमेवरील लाळेतून त्या वाघाचा आलेख मिळू शकतो आणि परिसरातील विष्ठेतून मिळालेल्या आलेखांशी तो ताडून पाहता येतो. दुसऱ्याच निरपराध वाघाला जेरबंद केले जाऊ नये, यासाठी हा आलेख फार मोलाचा आहे. मात्र मृतदेह धुतला गेला की ही लाळ हाती लागत नाही, त्यामुळे शक्य तेथे घटनास्थळीच, पंचनाम्याच्या वेळी, निर्जंतुक बोळा जखमेच्या कडांवरून फिरवून नमुना घ्यावा लागतो.