ग्लू रेकॉर्ड: नेमसर्व्हरचा पत्ता वरच्याकडं का ठेवावा लागतो

सांगली मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी असो नाहीतर साताऱ्याचा कंदी पेढेवाला, डोमेन घेतलं की होस्टिंगवाला दोन नेमसर्व्हरची (डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरची) नावं देतो, ती टाकली की साइट चालू, ग्लू रेकॉर्ड हा शब्द कुणाच्या कानावरसुद्धा पडत नाही. तो निघतो कधी, तर कुणी स्वतःचा सर्व्हर घेऊन नेमसर्व्हरलाही स्वतःच्याच डोमेनचं नाव द्यायला जातं तेव्हा. मग रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्याच्या, पॅनेलमध्ये चाइल्ड नेमसर्व्हर असं काहीतरी शोधून तिथं आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) भरावा लागतो, आणि झोनमध्ये, म्हणजे आपल्या डोमेनच्या नोंदींत, आयपी लिहिलाय की, परत इथं कशाला, हा प्रश्न पडतो.

याचं मूळ पार १९८३ मध्ये आहे. त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या मशिनांची नावं नि पत्ते एकाच फाइलमध्ये असायचे, ती कॅलिफोर्नियातली एसआरआय संस्था सांभाळायची आणि बाकीचे उतरवून घ्यायचे. मशिनं वाढली तशी ती फाइल आवरेना. मग पॉल मोकापेट्रिसनी डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधायची व्यवस्था, मांडलं: ज्याचा झोन त्यानं बघायचा, वरच्यानं फक्त 'पुढचं अमक्याला विचारा' एवढंच सांगायचं. पण हा 'अमका' म्हणजे आयपी नव्हे, नावच असतं, आणि ते नाव त्याच झोनमधलं असलं तर त्याचा पत्ता विचारायला परत त्याच्याकडंच जावं लागणार, म्हणजे किल्ली आत ठेवून दाराला कुलूप घातल्यागत. म्हणून वरच्या झोननं नावाबरोबर पत्ताही द्यायचा असं ठरलं, तोच ग्लू. १९८७ च्या आरएफसी १०३४ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) स्पष्ट लिहिलंय की हा अधिकृत डेटा नाही, नेमसर्व्हरचं नाव त्या झोनच्या खालचं असेल तरच त्याची गरज, आणि तो फक्त रेफरलपुरता, म्हणजे पुढचा रस्ता दाखवण्यापुरता, वापरायचा.

आता डोमेनप्रमाणं फरक बघा. डॉट इन डोमेनचा नेमसर्व्हर त्याच डोमेनच्या आतला असेल तर ग्लूशिवाय गाडी हलतच नाही. नेमसर्व्हर दुसऱ्याच एका डॉट इन डोमेनमधला असेल तर ग्लू मिळाला तर एक फेरी वाचते, नसला तरी सहसा काम होतं. पण नेमसर्व्हर डॉट कॉममधला असेल तर डॉट इनवाले त्याचा पत्ता देणारच नाहीत, रिझॉल्व्हरला (आपल्या वतीनं पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरला) रूटपासून, म्हणजे सगळ्यात वरच्या झोनपासून, डॉट कॉमकडं वेगळी वारी करावी लागते, आणि ते कॉम डोमेन रिन्यू करायचं राहिलं की इकडची चांगली चाललेली साइटपण गेलीच. त्याहून वाईट म्हणजे दोन डोमेन दोन वेगळ्या टीएलडीत (डॉट इन, डॉट कॉमसारख्या शेवटच्या भागांत) आणि दोघांचे नेमसर्व्हर फक्त एकमेकांत, तिथं ग्लू कुणीच देत नाही आणि रिझॉल्व्हर गोल गोल फिरत बसतो.

झोनबाहेरचा पत्ता का नको याला कारण आहे. सुरुवातीला रिझॉल्व्हर उत्तरासोबत आलेलं काहीही कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवायचे, भोळा कारभार. १९९७ मध्ये यूजीन काशपुरेफनं त्याचाच फायदा घेऊन तेव्हा डोमेन नोंदवणाऱ्या इंटरनिकच्या साइटवर जाणाऱ्यांना स्वतःच्या अल्टरनिककडं वळवलं. त्याच वर्षी आरएफसी २१८१ नं कुठल्या डेटावर किती भरवसा ठेवायचा याची उतरंड ठरवली, त्यात ग्लू अगदी तळाला, आणि आपल्या हद्दीबाहेरचं कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही हे रिझॉल्व्हरमध्ये मुरत गेलं. २००८ मध्ये डॅन कमिन्स्कीनं दाखवलं की हद्दीच्या आतलं खोटं उत्तरही घुसवता येतं, मग सोर्स पोर्ट (प्रश्न ज्या क्रमांकावरून निघतो तो) रँडम करायची घाई झाली.

जागेचाही प्रश्न होताच. यूडीपीनं, म्हणजे एकाच छोट्या पाकिटात, येणाऱ्या जुन्या उत्तराला ५१२ बाइटची मर्यादा, त्यात आयपीव्ही६ चे, म्हणजे नव्या पद्धतीचे, लांबडे पत्ते आले, ग्लू मावेना, आणि काही सर्व्हर तो गुपचूप गाळायचे. इतकी साधी गोष्ट नीट लिहायला २०२३ उजाडलं! आरएफसी ९४७१ म्हणतं, डोमेनच्या आतल्या नेमसर्व्हरचा ग्लू सगळा द्यायचाच, मावत नसेल तर उत्तर अपुरं असल्याची खूण लावायची, म्हणजे रिझॉल्व्हर टीसीपीनं (मोठं उत्तर मावणाऱ्या पद्धतीनं) परत विचारेल.

आपल्याकडं घोळ होतो तो बहुतेक सर्व्हर बदलताना. झोनमध्ये नवा आयपी टाकतात, चाइल्ड नेमसर्व्हरमध्ये जुनाच राहतो, ज्याच्या कॅशमध्ये आधीचं काही आहे त्याला साइट दिसते नि शेजारच्याला दिसत नाही. डॉट कॉमचा ग्लू १,७२,८०० सेकंद म्हणजे दोन दिवस कॅशमध्ये राहू शकतो, तेव्हा जुना सर्व्हर तेवढे दिवस तरी चालू ठेवा, आणि तपासताना स्वतःच्या सर्व्हरला न विचारता डिग (dig) या डीएनएस तपासायच्या कमांडनं थेट टीएलडीच्या सर्व्हरला विचारा, तो जो आयपी सांगेल तिकडंच नवा येणारा जाणार.