वळीव आणि मोसमी पाऊस: गडगडाटावरून निवाडा नको

मे महिन्यात सांगलीत किंवा पुण्यात दुपारी वळवाच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या उन्हाळी पावसाच्या, गारा पडल्या की ‘मान्सून दाखल’ असे मथळे झळकतात, आणि हा घोळ दरवर्षी तितक्याच उत्साहाने घातला जातो. मोसमी पाऊस मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. नैर्ऋत्येचे बाष्प, सह्याद्रीची चढण आणि दिवसेंदिवस लागणारी झड सर्वांच्या परिचयाची आहे. थेंब मोठे की लहान, मातीचा वास आला की नाही, हे या दोन पावसांतले भेद किरकोळ आहेत.

गफलत होते ती हवेला वर कोण ढकलते, या मुद्द्यावर. वळवात हे काम मुख्यतः तापलेली जमीन करते. खालची दमट हवा हलकी होऊन उसळते आणि वरच्या थरांत हवा पुरेशी थंड असेल, तर दुपारनंतर तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. साधारण पाच किलोमीटरच्या वर पाणी गोठू लागते. तेथे हिमकण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटून विद्युतभार वेगळे होतात, म्हणून वीज कडाडते. मग पावसाबरोबर गार हवा खाली कोसळते, जमिनीवर पसरते आणि ढगाला मिळणारा उष्ण हवेचा पुरवठाच तोडते. पावसाआधी धूळ उडवणारा वारा हाच असतो. असा एकेक ढग तासाभरात आपल्याच पावसाने संपतो, त्यामुळे एक गाव झोडपले जाते आणि शेजारचे कोरडे राहते.

मोसमी प्रवाहाला दुपारच्या उन्हाची वाट पाहावी लागत नाही, कारण बाष्प समुद्रावरून येतच राहते. म्हणून तो रात्रीही कोसळतो. जुलैत आंबोली-महाबळेश्वरच्या घाटमाथ्यावर बरेच ढग इतके बुटके असतात की बर्फ फारसा तयारच होत नाही, आणि धो धो पाऊस पडूनही वीज क्वचितच चमकते. म्हणजे गडगडाट जितका मोठा, तितका मोसमी पाऊस पक्का, ही समजूत सपशेल उलटी आहे. (मोसमी पाऊस येताना आणि परतताना मात्र गडगडाट होतो, त्यामुळे केवळ आवाजावर निवाडा करता येत नाही.)

कॅलेंडरवर विसंबणेही मला तितकेच नापसंत आहे. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख 11 जून असली, तरी 2025 मध्ये तो 26 मे रोजीच पोहोचला होता. हवामान विभाग केरळातील आगमन जाहीर करताना ठरावीक केंद्रांवरील सलग दोन दिवसांच्या पावसाबरोबर पश्चिमी वाऱ्यांची खोली (ते किती उंचीपर्यंत वाहतात) व वेग आणि ढगांची व्याप्तीही तपासतो. शेतकऱ्याने वळवावर नांगरट, कुळवणी खुशाल उरकावी. पेरणीसाठी मात्र 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल मुरेपर्यंत थांबावे, नाहीतर दुबार पेरणीचे बियाणे विकत घ्यावे लागते.