पार्श्वभूमी : मोसंबीची रास आणि चारशे वर्षांचं गणित

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत फळवाल्या मावशी मोसंबी रचतात तेव्हा खालच्या तीन फळांमधल्या खळग्यात वरचं फळ बसवतात. फळावर नेमकं फळ का नाही ठेवत? "घरंगळतंय की!" एवढं उत्तर त्यांना पुरतं. गणिताला पुरलं नाही. एकाच मापाचे गोळे याहून दाटीनं भरताच येणार नाहीत, हे पटवायला जवळजवळ चार शतकं गेली.

राशीतले गोळे मोजायचं काम आपल्याकडे फार आधी झालं होतं. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटानं 'चितिघना'चं सूत्र दिलं. तळाच्या त्रिकोणाची बाजू चार फळांची असेल तर चार, पाच, सहा यांचा गुणाकार करा, सहानं भागा. रास वीस फळांची. दाटीचा प्रश्न मात्र युरोपात तोफगोळ्यांवरून निघाला. इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅलेनं गणिती थॉमस हॅरियटला गोळ्यांच्या राशीबद्दल विचारलं, हॅरियटचा पुढे खगोलशास्त्रज्ञ केप्लरशी पत्रव्यवहार झाला, आणि १६११ मध्ये हिमकणांवरच्या एका पुस्तिकेत केप्लरनं लिहून टाकलं की हीच रचना सर्वांत दाट. यात सुमारे ७४ टक्के जागा भरते. सिद्धता त्यानं दिलीच नाही.

गाउसनं १८३१ मध्ये नियमित रचनांपुरता प्रश्न निकालात काढला. वेड्यावाकड्या रचनांचं काय? १९९८ मध्ये थॉमस हेल्स यांनी संगणकाच्या मदतीनं सिद्धता दिली. बारा परीक्षकांनी काही वर्षं डोकं खपवलं आणि 'नव्याण्णव टक्के खात्री आहे' असं सांगून हात टेकले. गणितात नव्याण्णव टक्के म्हणजे नापासच! हेल्स इरेला पेटले. सिद्धतेची एकेक पायरी संगणकाकडून तपासून घेतली. ते काम ऑगस्ट २०१४ मध्ये संपलं.

तीच रास चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीत, चांदीच्या पैंजणात आहे. चांदीचे अणू असेच रचलेले असतात, प्रत्येकाला बारा शेजारी. हे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून शुद्ध चांदी मऊ आणि तिची तार ओढता येते. तांब्याचा अणू चांदीच्या अणूपेक्षा लहान. तो मध्ये शिरला की सरकणं अडतं आणि दागिना टणक होतो. ठोकून ठोकून चांदी ताठरते तेही रचनेतले दोष एकमेकांत गुंतल्यामुळे. कारागीर ती तापवून पुन्हा नरम करतो. धातूंच्या पोटातली ही मांडणी प्रत्यक्ष कळू लागली ती १९१२ नंतर, क्ष-किरणांमुळे.

तिसरी वाट सर्वांत अनपेक्षित. क्लॉड शॅनन यांनी १९४८-४९ मध्ये संदेशवहनाचा सिद्धांत मांडला. लांबी, रुंदी, उंची या तीन मिती; तशा आणखी कल्पून, संदेशातल्या प्रत्येक अंकाला एक मिती देऊन, प्रत्येक संदेश हा अनेक मितींच्या अवकाशातला एक बिंदू समजा. वाटेतल्या गोंगाटानं तो जरासा हलतो, म्हणून त्याच्याभोवती एक गोळा कल्पा. गोळे एकमेकांत घुसले नाहीत तर चूक ओळखून दुरुस्त करता येते. जितके जास्त गोळे मावतील तितके जास्त संदेश. म्हणजे पुन्हा मोसंबीच, फक्त अनेक मितींतली. १९४९ मध्ये मार्सेल गोले यांनी शोधलेल्या संकेतावरून (म्हणजे संदेश अंकांत मांडायच्या पद्धतीवरून) पुढे चोवीस अंकी संकेत बेतला गेला. त्यात बारा अंक माहितीचे, बारा पडताळ्याचे. तीन चुकांपर्यंत दुरुस्ती होते. व्हॉयेजर यानांनी गुरू-शनीची रंगीत छायाचित्रं याच संकेतात पाठवली. त्याच संकेतावरून जॉन लीच यांची चोवीस मितींतली जाळी, म्हणजे गोळ्यांच्या केंद्रांची नियमित मांडणी, उभी राहिली, १९६० च्या दशकात. तिच्यात एका गोळ्याला १,९६,५६० शेजारी टेकतात.

मार्च २०१६ मध्ये युक्रेनच्या मरीना व्याझोव्स्का यांनी आठ मितींतली सर्वांत दाट रचना अवघ्या तेवीस पानांत सिद्ध केली. आठवड्याभरात अभिनव कुमार यांच्यासह चार सहकाऱ्यांच्या जोडीनं त्यांनी चोवीस मितींचाही निकाल लावला. त्यांनी वापरलेल्या फलनांत १९१६ च्या निबंधात रामानुजन यांनी हाताळलेल्या श्रेणी आहेत. व्याझोव्स्का यांना २०२२ मध्ये फील्ड्स पदक, गणितातला एक सर्वोच्च सन्मान, मिळालं. चार मितींत सर्वांत दाट रचना कोणती असावी याचा अंदाज आहे, सिद्धता नाही.